दोन पायांचा माणूस

मागच्या अंकात ओघाओघात एक वाक्य लिहून गेलो होतो : '२०१० चा बॅलन डी'ऑर मेस्सीच्या घरी गेला, पण त्यावर नाव वेस्ली स्नायडरचं हवं होतं.' (बॅलन डी'ऑर म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार, आणि स्नायडर म्हणजे हॉलंडचा मिडफिल्डर.) लेखाचा विषय वेगळाच होता. पण तेव्हापासून टेबलावर पत्रं आणि मोबाईलवर शिव्या साचताहेत. बहुतेक शिव्या कोल्हापुरातूनच, म्हणजे माझ्याच गावातून आल्यात, तेव्हा त्या प्रेमाच्या समजून बाजूला ठेवल्या. उरलेल्या ढिगातून पाच पत्रं घेतलीत.

प्रश्न : सर, २००९-१० च्या हंगामात मेस्सीने बार्सिलोनासाठी ४७ गोल मारले. तुमच्या स्नायडरने किती? मिडफिल्डरला डोक्यावर घेऊन नाचायची तुमची जुनी खोड आहे. आकडे द्या, नाहीतर वाक्य मागे घ्या. (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, इचलकरंजी)

उत्तर : खोड आहे, कबूल. मी स्वतः तालमीच्या संघात हाफला खेळायचो, त्यामुळे गोल मारणाऱ्याच्या आधी त्याच्या पायात बॉल नेऊन ठेवणारा मला दिसतो. ४७ गोलही कबूल. स्नायडरचे त्या हंगामात इंटर मिलानसाठी दहासुद्धा झाले नाहीत. पण ते कधी झाले, ते बघ.

ऑगस्ट २००९. रेआल माद्रिदनं काका आणि क्रिस्तियानो रोनाल्डोवर पैशांचा पाऊस पाडला आणि स्नायडर आणि आर्येन रॉबेन या दोघा डचांना नारळ दिला. स्नायडर मिलानमध्ये उतरला, आणि सोबत्यांशी धड ओळखपाळख व्हायच्या आत त्याला एसी मिलानविरुद्धच्या डर्बीत, म्हणजे एकाच शहरातल्या दोन क्लबांच्या सामन्यात, उतरवलं. इंटर ४-० नं जिंकली. नोव्हेंबरात चॅम्पियन्स लीगचा गटातला सामना कीव्हला. आधीचे तिन्ही सामने बरोबरीत सुटलेले, इथं ८५ मिनिटं झाली तरी इंटर ०-१ नं मागं. हरले असते तर बाडबिस्तरा गुंडाळायचीच वेळ होती. ८६व्या मिनिटाला इंटरच्या मिलितोनं बरोबरी केली, ८९व्याला स्नायडरनं सामना काढला. पुढं सगळं जे घडलं ते त्या चार मिनिटांच्या उधारीवर. उपांत्यपूर्व फेरीत मॉस्कोला सीएसकेएविरुद्ध सहाव्या मिनिटाला फ्री किक, थेट जाळ्यात. सामना १-०.

आणि मग २० एप्रिल २०१०, उपांत्य फेरी, समोर तुझी बार्सिलोना. (आइसलँडच्या ज्वालामुखीच्या राखेनं विमानं बंद होती, बार्सिलोना मिलानला बसनं आली होती. तुझ्या बाजूनं एवढं एक निमित्त मीच देऊन ठेवतो.) पेद्रोनं त्यांना पुढं नेलं. ३०व्या मिनिटाला स्नायडरनं बरोबरी केली, आणि इंटर ३-१ नं जिंकली. परतीच्या सामन्यात इंटरनं तासाभराहून जास्त वेळ दहा माणसांनी किल्ला लढवला आणि ०-१ हरूनही अंतिम फेरी गाठली.

अंतिम सामना २२ मेला. मैदान कुठलं? माद्रिदचं बर्नाबेउ. ज्या घरातून वर्षभरापूर्वी बाहेर काढलं, त्याच घरात स्नायडर इंटरकडून आणि रॉबेन बायर्नकडून उभे. आपल्याकडं रात्री सव्वाबाराला सुरू झाला होता, मी पाय बादलीत बुडवून बघत होतो, मे महिना होता. ३५व्या मिनिटाला गोलकीपरची लांब किक आली, मिलितोनं ती डोक्यानं स्नायडरकडं सोडली आणि पळत सुटला. स्नायडरनं बॉल थांबवला नाही, निरखला नाही, जिथं मिलितो पोचणार होता तिथं आधीच पाठवून दिला. त्या गोलापुढं स्नायडरचं नाव लिहिलेलं नाही. इंटर २-० जिंकली, लीग, कप आणि चॅम्पियन्स लीग असे तिन्ही एका हंगामात जिंकणारा पहिला इटालियन क्लब झाली.

तीन आठवड्यांत वर्ल्ड कप. जपानविरुद्ध सामन्यातला एकुलता एक गोल त्याचा, स्लोव्हाकियाविरुद्ध एक, ब्राझीलविरुद्ध दोन, उपांत्य फेरीत उरुग्वेविरुद्ध एक. एकूण पाच. मुलर, व्हिया, फोर्लान आणि हा, चौघांचे सारखेच पाच. त्यातला हा एकटाच फॉरवर्डच्या मागं खेळणारा पासवाला गडी. आणि अंतिम सामन्यात ६२व्या मिनिटाला त्यानं स्पेनची बचावफळी उभी चिरून रॉबेनला एकटा गोलकीपर कासियाससमोर नेऊन सोडला. रॉबेननं मारलेला बॉल कासियासच्या बुटाला चाटून बाहेर गेला. ११६व्या मिनिटाला इनिएस्तानं गोल केला आणि स्पेन जिंकलं. बुटाची ती दोन बोटं रुंदी तेवढी काढून टाक, मग आपण पुरस्कारावर वाद घालत बसलो असतो का सांग.

आता मतांचं गणित, कारण तू आकडे मागितलेस. २००९ पर्यंत बॅलन डी'ऑर फक्त पत्रकार ठरवायचे. २०१० ला तो फिफाच्या पुरस्कारात मिसळला आणि राष्ट्रीय संघांचे कप्तान आणि प्रशिक्षकही मत देऊ लागले. जानेवारी २०११ मध्ये झुरिकला निकाल लागला : मेस्सी २२.६५ टक्के, इनिएस्ता १७.३६, चावी १६.४८, स्नायडर १४.४८. तिघंही बार्सिलोनाचे, आणि हा चौथा, म्हणजे मंचावरसुद्धा नाही. नुसती पत्रकारांची मतं मोजली तर पहिला स्नायडर होता. नियम नेमका त्याच वर्षी बदलला.

जगातला सर्वांत चांगला खेळाडू कोण, असं विचारलंस तर तेव्हाही मेस्सी, नंतरही मेस्सी. पण पुरस्कार त्या वर्षाचा होता. वाक्य मागे घेत नाही.

प्रश्न : वर्तमानपत्रांत स्नायडर, श्नायडर, स्नाइजडर, स्नेयडर असं काहीही छापून येतं. बरोबर काय? मुलांना शुद्धलेखन शिकवणाऱ्या बाईंना याचा त्रास होतो. (शिक्षिका, नाशिक)

उत्तर : बाई, 'श्नायडर' जर्मन झाला, तो सोडून द्या. डच लोकांचा तो स्वर 'एइ' आणि 'आय' यांच्या मधे कुठंतरी वाजतो, देवनागरीत त्याला घर नाही. मी सवयीनं 'स्नायडर' लिहितो. शब्दाचा जुना अर्थ कापड बेतणारा, म्हणजे आपला शिंपी. आपल्याकडंही ते आडनाव आहेच, तेव्हा पाहुणा परका मानू नका. त्याच्या पहिल्या क्लबाला आपण अजॅक्स म्हणतो, ते लोक आयाक्स म्हणतात. मी त्यांचं ऐकतो.

प्रश्न : माझा मुलगा १३ वर्षांचा आहे. संघात सगळ्यांत बुटका. त्याला मिडफिल्डला खेळायचंय, पण त्याचे प्रशिक्षक म्हणतात, अंग भरल्याशिवाय मधे टिकणार नाही, तोवर बाकावर बस. रोज रडत घरी येतो. त्याला समजवायचं की खेळ बदलायला सांगायचं? (एक आई, मिरज)

उत्तर : ताई, दोन्ही नको. मी सांगतो त्या माणसाची उंची त्याच्या खोलीतल्या भिंतीवर पेन्सिलीनं मारून ठेवा : १७० सेंटिमीटर. एवढ्याच उंचीचा माणूस हॉलंडसाठी १३४ सामने खेळला.

स्नायडरचा जन्म ९ जून १९८४ चा, उट्रेख्टमधल्या ओन्डीप नावाच्या कामगार वस्तीतला. भाऊ दोघं, थोरला जेफ्री आणि धाकटा रॉडनी, तेही फुटबॉलवालेच. सातव्या वर्षी तो आयाक्सच्या अकादमीत गेला. तिथं पोराची उंची कोणी मोजत नाही असं नाही, पण आधी बघतात ते हे, की बॉल पायाशी यायच्या आत या पोराला पुढचं दिसतं का. फेब्रुवारी २००३ मध्ये, १८ वर्षांचा असताना, रोनाल्ड कूमननं त्याला मोठ्या संघात उतरवलं. एप्रिलअखेर देशाची जर्सी मिळाली. त्याच नोव्हेंबरात युरोच्या पात्रतेसाठी स्कॉटलंडशी गाठ पडली. पहिला सामना हॉलंड ०-१ हरलेलं, परतीचा सामना आम्सटरडॅमला, सगळा देश टेकीला आलेला. या १९ वर्षांच्या पोरानं १४व्या मिनिटाला स्वतः एक मारला, तीन दुसऱ्यांना मारायला लावले. ६-०.

आता मुद्दा. तुम्ही त्याचा कुठलाही जुना सामना लावा आणि मुलाला सांगा, गोल बघू नकोस, पाय बघ. हा डाव्या पायाचा की उजव्या पायाचा, ते सांग. नाही सांगता येणार. फ्री किक उजव्यानं, क्रॉस डाव्यानं, पन्नास यार्डांचा पास जो पाय जवळ असेल त्यानं. माणसाला दोन पाय असतात हे खरं, पण फुटबॉल खेळणाऱ्या बहुतेकांना एकच असतो. मला एकच होता. माझा डावा पाय केएमटीच्या बसमध्ये चढताना उपयोगी पडायचा, मैदानात त्याचं काही काम नव्हतं. समोरच्या पेठेच्या बॅकला दोन सामन्यांत हे कळलं. मग तो फक्त माझ्या उजव्या बाजूला उभा राहायचा, आणि मी बॉल डावीकडून उजवीकडं आणेपर्यंत पान खाऊन झालं असतं त्याचं. तो बॉल फिरवून घ्यायला जो अर्धा सेकंद लागतो ना, त्या अर्ध्या सेकंदात दांडगे लोक येऊन आपटतात. ज्याला बॉल फिरवायचाच नसतो, त्याच्यापर्यंत ते पोचतच नाहीत. बुटक्या मिडफिल्डरचं अंग ते हे.

म्हणून मुलाला भिंत दाखवा. रबरी बॉल, घराची मागची भिंत, आधी डाव्या पायानं शंभर, मग उजव्यानं पन्नास. (तो डावखुरा असेल तर उलट.) शेजारी तक्रार करतील, त्यांना एकदा चहाला बोलवा. आणि प्रशिक्षकांशी भांडू नका. फक्त एवढं विचारा की बाकावरून उठवताना त्याला विंगला नका घालू, मधेच दहा मिनिटं द्या.

आणि हेही सांगा. २ जुलै २०१०, पोर्ट एलिझाबेथ, ब्राझीलविरुद्ध उपांत्यपूर्व सामना. आपल्याकडं संध्याकाळी साडेसातचा. आमची पेठ अर्धी ब्राझीलची, अर्धी अर्जेंटिनाची. हॉलंडचा मी एकटा, कोपऱ्यात. रॉबिन्योनं दहाव्या मिनिटाला गोल केला आणि तालमीबाहेर माळ लागली फटाक्यांची. मध्यंतरानंतर स्नायडरनं उजवीकडून डाव्या पायानं बॉल आत वळवला. गोलकीपर ज्युलिओ सेझार आणि फेलिपे मेलो एकमेकांवर आदळले, बॉल जाळ्यात. आधी तो मेलोचा स्वयंगोल धरला, नंतर फिफानं स्नायडरच्या खात्यात घातला. गंमत अशी की सेझार, मायकॉन, लुसियो हे तिघं सहा आठवड्यांपूर्वी बर्नाबेउला स्नायडरच्याच संघात होते. ६८व्या मिनिटाला रॉबेनचा कॉर्नर, जवळच्या खांबाशी डर्क काउटनं तो डोक्यानं मागं सरकवला, आणि मधे, ब्राझीलच्या ताडमाड बॅकांच्या घोळक्यात, मोकळा उभा कोण? मैदानावरच्या सर्वांत बुटक्यांपैकी एक. डोक्यानंच मारला. एवढ्या छोट्याला धरायला कोणी जात नाही, हा बुटकेपणाचा दुसरा फायदा.

तालमीत एवढी शांतता मी परीक्षेच्या हॉलमध्येही बघितली नाही. अर्जेंटिनावाले त्या रात्री मला खांद्यावर घ्यायला निघाले होते. दुसऱ्या दिवशी जर्मनीनं त्यांना चार दिले, मग सगळी पेठ एका पंगतीत बसली.

प्रश्न : इतका मोठा खेळाडू होता तर माद्रिदनं विकला का? आणि २०१० नंतर काय? तुर्कस्तान, कतार... मला वाटतं, शिस्त नसलेला, स्वतःला वाया घालवलेला माणूस. तरुण वाचकांपुढे असा आदर्श ठेवू नये. (बँकेतून निवृत्त, पुणे)

उत्तर : आदर्श मी ठेवलेलाच नाही, साहेब, तो तुम्ही आणला. पण प्रश्न रास्त आहे.

माद्रिदनं २००७ मध्ये त्याच्यासाठी आयाक्सला २ कोटी ७० लाख युरो मोजले आणि बेकहॅमची मोकळी झालेली २३ क्रमांकाची जर्सी दिली. पहिल्याच लीग सामन्यात अॅटलेटिकोविरुद्ध विजयी गोल, वर्षअखेरीला लीग खिशात. दुसऱ्या वर्षाच्या तोंडावर गुडघा गेला. संसार मोडला होता. दारू वाढली होती. हे कुणी चहाटळानं पसरवलेलं नाही, त्यानंच निवृत्तीनंतरच्या आत्मकथनात सांगितलंय, आरसा समोर धरून. म्हणजे तुमचं म्हणणं माद्रिदच्या त्या एका वर्षापुरतं तंतोतंत खरं आहे.

पुढच्याच वर्षी तो जगातला सर्वांत चांगला मिडफिल्डर होता, आणि ते मला जास्त नवलाचं वाटतं. इंटरचा तेव्हाचा प्रशिक्षक मोरिन्योनं त्याच्याकडून काम करून घेतलं कसं? स्नायडरनं सांगितलेली एक गोष्ट आहे. हा थकलेला दिसला तेव्हा मोरिन्यो म्हणाला, बायकोला घे आणि चार दिवस उन्हात जाऊन ये. बाकीचे प्रशिक्षक सराव वाढवतात. परत आल्यावर हा त्या माणसासाठी जीव टाकायला तयार. शिस्त लावायची ही एक रीत झाली, तुमच्या बँकेत चालली असती की नाही माहीत नाही.

मोरिन्यो त्या अंतिम सामन्यानंतर माद्रिदलाच गेला. इंटर ढासळत गेली, स्नायडर दुखापतींत अडकत गेला. २०१२ च्या शेवटी क्लबनं पगार कमी करून घ्यायला सांगितलं, तो नाही म्हणाला आणि आठवडेच्या आठवडे संघाबाहेर बसला. जानेवारी २०१३ मध्ये इस्तंबूलचा गालातासराय क्लब. तुम्ही 'तुर्कस्तान' असं नाक मुरडून लिहिलंय, पण इस्तंबूलमध्ये त्याच्याबद्दल विचारून बघा. डिसेंबर २०१३ मध्ये युव्हेंटसविरुद्धचा सामना बर्फवृष्टीनं अर्धा तास होताच थांबला, उरलेला दुसऱ्या दिवशी चिखलात खेळवला. ८५व्या मिनिटाला स्नायडरचा गोल, १-०, आणि इटलीचा विजेता चॅम्पियन्स लीगच्या बाहेर. पुढच्या वर्षी फेनरबाचेविरुद्ध सामना संपता संपता लांबून दोन गोळे हाणले, २-१. दोन लीग, तीन तुर्की कप. नंतरचं नीस आणि कतार सोडून द्या, मीही बघितलं नाही फारसं. ऑगस्ट २०१९ ला थांबला.

आता शिस्तीचं. २०१४ च्या वर्ल्ड कपच्या आधी हॉलंडचा प्रशिक्षक व्हॅन गालनं त्याच्याकडून कप्तानपद काढून व्हॅन पर्सीला दिलं होतं, तुला संघात जागा कमवावी लागेल असंही सुनावलं होतं. तो गेला, तब्येत केली, परत आला. फोर्तालेझाच्या उकाड्यात मेक्सिकोविरुद्ध ८८व्या मिनिटाला बरोबरीचा गोल त्याचाच. त्यानंतर उपांत्य सामन्यात अर्जेंटिनाविरुद्ध त्याची पेनल्टी अडवली गेली, तेही लिहून ठेवतो, नाहीतर इचलकरंजीहून पुन्हा पत्र येईल.

९ जून २०१७, स्वतःच्या ३३व्या वाढदिवशी, लक्झेंबर्गविरुद्ध तो १३१वा सामना खेळला आणि व्हॅन डेर सारचा १३० चा विक्रम मोडला. त्या दिवशीही गोल मारला. व्हॅन डेर सार गोलकीपर. गोलकीपर लोणच्यासारखा मुरत जातो, त्याला वर्षं मिळतात. मिडफिल्डरला पंधरा वर्षं देशाच्या संघात धरून राहणं ही वेगळी मजुरी आहे. मेस्सी-रोनाल्डोसारखं जगायचं ठरवलं असतं तर त्यांच्या पंगतीला बसलो असतो, पण ते तसलं जगणं नको वाटलं, असं तो म्हणतो. यातलं पहिलं अर्धं मला अर्धंच पटतं. दुसरं अर्धं पूर्ण पटतं.

प्रश्न : आजोबा, मी एका व्हिडिओत बघितलं, फुटबॉलच्या ग्राउंडवर मधोमध सोफा ठेवलाय आणि एक टकलू माणूस घरच्यांबरोबर त्यावर बसून टीव्ही बघतोय. बाबा म्हणाले तो स्नायडर आहे. हे खरं आहे की एडिट केलंय? आणि त्याचा सगळ्यात भारी गोल कोणता? (इयत्ता पाचवी, कोल्हापूर)

उत्तर : बाळा, आधी भारी गोल. बाबांना सांगून ९ जून २००८ चा हॉलंड-इटली सामना काढ, युरो स्पर्धा, गाव बर्न. त्या दिवशी स्नायडरचा २४वा वाढदिवस होता. (९ जून ही तारीख बघ, वर पण आली आहे.) इटली तेव्हा जगज्जेती, आणि हॉलंडनं त्यांना १९७८ नंतर हरवलेलंच नव्हतं. आता नीट बघ. बॉल हॉलंडच्या गोललाइनवर आहे, व्हॅन ब्राँकहोर्स्ट नावाचा बॅक तो ओढून बाहेर काढतो आणि तसाच डावीकडून पळत सुटतो, थांबतच नाही. पार पलीकडं पोचून तोच क्रॉस मारतो, काउट डोक्यानं तो मागं देतो, आणि स्नायडर अंग वाकडं करून हवेतल्या हवेत तो इटलीचा गोलकीपर बुफॉनच्या पलीकडं घालतो. आपल्या गोलपासून त्यांच्या गोलपर्यंत, तू दात घासायला घेतोस तेवढासुद्धा वेळ नाही. मी मध्यरात्री टीव्हीचा आवाज बंद करून बघत होतो, आणि तरी तुझ्या वयाच्या माझ्या नातवाला जाग आली, कारण ओरडलो मी.

सोफा खरा आहे. ६ सप्टेंबर २०१८, आम्सटरडॅम, पेरूविरुद्धचा सामना, त्याचा १३४वा आणि शेवटचा. हॉलंड २-१ जिंकलं. सामना संपल्यावर तिथल्या लोकांनी गवतावर बैठकीची खोलीच मांडली, त्याला घरच्यांसोबत बसवलं आणि जुन्या सोबत्यांचे निरोप पडद्यावर दाखवले. आपल्या तालमीत निरोपाला फेटा, शाल आणि नारळ असतो. मलाही तेच मिळालं होतं. नारळाची चटणी झाली, फेटा नातवाच्या गॅदरिंगला गेला. सोफा मिळाला असता तर आज त्यावर बसून तुला हे लिहिलं असतं, इथं खुर्चीचा एक पाय आखूड आहे.